शेंदरी खिडक्यांची मालकीण

वेणूबाय तांडेलच्या चाळीत मी अकरा वर्षं भाड्याने राहिलो. १९८३ साली डहाणूच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि लगतच्या मसोलीत तिची तीन नंबरची खोली घेतली. वेणूबायला लिहिता-वाचता येत नसे. त्यामुळे वीजबिल, भाड्याचे करारनामे, नगरपालिकेची पत्रं, सगळं माझ्या हातून जाई. पुढे जे घडलं त्यातला प्रत्येक कागद मी तिला वाचून दाखवला आहे, म्हणून हे सांगायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजतो.

ती तेव्हा पन्नाशीला आलेली. उंच, काटक, आवाज असा की पडवीच्या एका टोकाला बोलली की आठव्या खोलीत ऐकू यावं. नवरा देवजी लवकर गेला होता. तेव्हा पोरं लहान, घरची एक होडी. होडीवर तिने माणसं ठेवली आणि स्वतः सुकी मासळी डोक्यावर घेऊन आठवड्याचे बाजार धरले. सायवनच्या बाजारात तिची जागा ठरलेली होती. सुकट, बोंबील, वाकट्या. आदिवासी गिऱ्हाइकांशी ती त्यांच्या बोलीत बोले, गुजराती व्यापाऱ्यांशी गुजरातीत भांडे आणि माझ्याशी बोलताना मुद्दाम शुद्ध मराठीचा प्रयत्न करून मध्येच सोडून देई. त्याच मासळीतून तिने चाळ उभी केली. आधी दोन खोल्या, मग पुढच्या दोन, असं करत बारा वर्षांत आठ. चाळीच्या पायाला लागलेले दगड आपण स्वतः उचललेत हे ती प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगायची.

भाडेकरू बहुतेक नोकरदार. रेल्वेतले, तलाठी कचेरीतले, आम्ही एक-दोन मास्तर. चाळीची ओळख म्हणजे तिच्या खिडक्या. समुद्राच्या वाऱ्याने गज गंजतात, लाकूड फुगतं. पण दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी होडीला शेंदूर आणि अळशीच्या तेलाचा हात मारला की उरलेला रंग वेणूबाय चाळीच्या दारं-खिडक्यांना लावून घ्यायची. गंज नाही, वाळवी नाही. सगळी चाळ केशरी उजळून निघायची. 'शेंदरी खिडक्या' म्हटलं की टांगेवाला पुढचं विचारत नसे. तिला त्याचा कोण अभिमान! "दुसरे मालक पाच वर्षांत एकदा रंग लावतात," ती म्हणायची. "माझ्या भाडेकरूला दर साली नवी खिडकी."

सहा नंबरात दशरथ गोवारी राहायचा. रेल्वेत सांधे बदलणारा पॉइंट्समन, अबोल, ड्यूटीहून आला की आधी आंघोळ करून मगच मुलीला उचलणारा. त्याची बायको नयना वाणगावची. मुलगी सई. पडवीतली सगळ्यात बडबडी. दोन वर्षांची असताना मला ती "मातल" म्हणायची आणि माझ्या खडूंवर हक्क सांगायची. खिडकीत बसून गाड्या मोजायचा तिला नाद होता. तिची मोजणी तीनच्या पुढे जात नसे, पण तीन गाड्या गेल्या की टाळ्या.

१९८७च्या दिवाळीनंतर सईचं जेवण तुटलं. पोट दुखतं म्हणून रडायची. चेहरा पांढरा पडला. जंत असतील म्हणून औषध झालं, मग कावीळ असेल म्हणून पथ्य झालं. संक्रांतीच्या सुमारास आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ती बोलेनाशी झाली. आधी वाक्यं गेली, मग शब्द. "मातल" गेलं. मला पाहिलं तरी ती नुसती बघत राही. फेब्रुवारीत एका सकाळी तिला झटका आला. दशरथ तसाच ड्यूटीच्या कपड्यांत तिला घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा एक्स-रे काढला. आतड्यात पांढरे ठिपके दिसले, कुणी खडी चारावी तसे. त्यांनी नयनाला विचारलं, "मुलगी काय चघळते?" नयनाने आठवून आठवून सांगितलं. बिस्किटं, पदराचं टोक, आणि हो, खिडकीत बसते तेव्हा चौकटीचं लाकूड. खिडकीचा रंग कोणता, हे ऐकल्यावर बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं, मोठ्या माणसाला आडवं करील एवढं. शेंदूर म्हणजे शिशाचीच पूड, आणि चवीला ती किंचित गोड लागते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी दशरथ एकटाच परत आला. वेणूबाय पडवीत सुकट निवडत बसली होती. त्याने उभ्या-उभ्याच सांगितलं. आवाज चढवला नाही.

"वेणूबाय, पोरीच्या अंगात विष भिनलंय. तुमच्या खिडकीच्या रंगाचं."

वेणूबायने सूप खाली ठेवलं. "काय बोलतो तू? शेंदूर? शेंदूर आपण देवाला लावतो रं. मारुतीला लावतो. देवाला विष लावतात काय?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"तुझी पोर माती खाते. मी डोळ्याने बघितलंय. माझ्या खिडकीला नावं ठेवू नको!"

सहा नंबरमधून दशरथने कपड्यांची पेटी, स्टोव्ह आणि सईची पाटी काढली, कुलूप लावलं आणि किल्ली वेणूबायच्या पुढ्यात ठेवून निघाला. डॉक्टरांनी मुलीला त्या घरात परत न्यायला मनाई केली होती. नयना तिला घेऊन माहेरी वाणगावला राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वेणूबायने माझं दार वाजवलं. "मास्तर, जरा या."

तिने सहा नंबर उघडलं होतं. खिडकीजवळ उकिडवी बसून तिने मला चौकटीच्या कडेकडे बोट दाखवलं. केशरी रंगाचे पापुद्रे निघाले होते आणि खालच्या लाकडावर बारीक बारीक खाचा होत्या. उंदराच्या म्हणाव्यात तर उंदराच्या नव्हत्या. चार दात वर, चार खाली. लहान मुलाचे.

"माझी आये सांगायची," वेणूबाय हळू बोलली. मी तिला एवढं हळू बोलताना प्रथमच ऐकलं. "शेंदूर लावलेलं बोट तोंडात घालू नका, वाचा जाते. गाणाऱ्याचा गळा बसवायला शेंदूर चारतात, असं बोलायची. आम्ही हसायचो. म्हातारीची बडबड, असं वाटायचं." ती बराच वेळ त्या खाचांवरून अंगठा फिरवत राहिली. "पोरीची वाचा गेली ना, मास्तर?"

मी हो म्हटलं.

तेवढ्यावर ती थांबली नाही. त्या आठवड्याच्या सायवनच्या बाजारात तिने लाहूला गाठलं. लाहू दरवर्षी येऊन होडी आणि चाळ रंगवायचा. चाळिशीचा, कसबी हाताचा, ब्रशाचा एक ओघळ खाली पडू न देणारा. तिने त्याला विचारलं, शेंदूर लावल्यावर तुला काही होतं का? लाहू म्हणाला, दर पावसाळ्यात पोटात पीळ पडतो, महिनाभर संडासला होत नाही, मनगटातली ताकद जाते. काढे घेऊन बरं वाटतं. "मग मना कधी बोलला नाहीस?" वेणूबायने विचारलं. लाहूने साधं उत्तर दिलं, "तू कधी विचारलं नाहीस."

हे तिने मला घरी आल्यावर सांगितलं आणि वर म्हणाली, "खरं बोलला तो."

एप्रिलात दशरथच्या वकिलाची नोटीस आली. भाड्याच्या घराची दारं-खिडक्या मालकिणीने घातक रंगाने रंगवल्या, त्यामुळे भाडेकरूच्या मुलीला कायमची इजा झाली, सबब मालकीण जबाबदार आहे, अशा मजकुराची. मी ती दोनदा वाचून दाखवली. वेणूबायचा मुलगा दिपेश तेव्हा होडी सांभाळायचा. गरम डोक्याचा, पण आईवर जीव असलेला. तो तडक पांड्या वकिलांना घेऊन आला. पांड्या वकील सज्जन माणूस. त्यांनी चहा घेतला, कागद पाहिला आणि समजावलं.

"वेणूबेन, घाबरायचं काही कारण नाही. घराला कुठला रंग लावावा यावर आपल्याकडे कायदाच नाही. हा रंग बाजारात उघड मिळतो, अर्धा किनारा वापरतो. आपण लिहू की रंग भाडेकरूने स्वतःच्या मर्जीने लावला. पावती आहे त्याच्याकडे? नाही. साक्षीदार? तुमचेच भाडेकरू. संपलं."

त्यांनी उत्तर टाइप करून आणलं होतं. दिपेशने शाईचा पॅड उघडून आईपुढे सरकवला. मी वाचायला सुरुवात केली. 'सदर रंगकाम भाडेकरूने आमच्या संमतीवाचून...' इथवर आलो आणि वेणूबायने हात वर केला.

"मास्तर, हे परत वाचा."

मी परत वाचलं.

"हे खोटं हाय."

"आये, कोर्टाचं असंच असतं," दिपेश म्हणाला.

"लाहूला डबा कुणी दिला? मी दिला. खिडकीपाशी उभं राहून, इथे राहिलं, तिथे राहिलं, कोण बोललं? मी बोलली."

"तुला ठाऊक नव्हतं ना! मग तुझा दोष कसा?"

"दोष मी नाय बोलली. रंग माझा, एवढंच बोलते." तिने पॅड मिटला. "हा अंगठा माझा हाय, दिपेश. ह्याने मी आठ खोल्यांचे कागद केले. खोट्याच्या खाली नाय उठणार तो."

पांड्या वकिलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्या तीस वर्षांच्या वकिलीत असं अशील त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं, हे त्यांनी नंतर मला स्वतः सांगितलं. दिपेश रागाने निघून गेला आणि पुढे दोन महिने तो आईशी कामापुरतंच बोलला.

बातमी मसोलीत पसरली. एका संध्याकाळी आजूबाजूचे चार-पाच घरमालक तिच्या पडवीत येऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वेणूबायने कबूल केलं तर उद्या प्रत्येक भाडेकरू मालकाच्या दारी उभा राहील. आज रंग, उद्या पाणी, परवा भिंत.

"मग राहू दे उभा," वेणूबाय म्हणाली. "त्याने घर घेतलं ते राहायला घेतलं. आजारी पडायला नाय घेतलं."

"तू आमचं नुकसान करतेस."

"तुमच्या खिडक्या कुठल्या रंगाच्या, ते आधी बघून या. मग बोलू."

त्यांच्यातल्या दोघांनी, मला माहीत आहे, घरी जाऊन खरंच पाहिलं.

वाणगावला जायचं तिने दोन वेळा ठरवलं आणि दोन वेळा टाळलं. तिसऱ्या वेळी मला बरोबर घेतलं. नयनाच्या माहेरी अंगणात सई एका गोधडीवर बसली होती. इंजेक्शनांनी मांड्या सुजलेल्या, केस विरळ झालेले. आम्हाला पाहून नयना ओट्यावरच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"काय बघायला आलात?" ती म्हणाली. "माझी पोरगी मला आई म्हणायची. आता म्हणत नाही. दवाखान्यात सुई टोचली तरी नुसता तोंडाचा आ करते, आवाज निघत नाही. बघा. नीट बघा."

वेणूबायने पाहिलं. डोळे वळवले नाहीत. माफ कर वगैरे ती काही म्हणाली नाही. ते शब्द तिथे किती हलके पडले असते हे तिला कळत असावं.

"नयना, रंग माझा होता," ती म्हणाली. "मी कोर्टात तेच सांगणार. पोरीच्या औषधपाण्याचं सगळं मी बघणार, ती मोठी होईपर्यंत. आणि आठही खोल्या खरवडून काढणार. तू मना घरात घेऊ नको, चालेल. पण डॉक्टरीणबाईंचं नाव मना दे."

नयनाने नाव दिलं. पाणी विचारलं नाही.

मे महिन्यात वेणूबाय मुंबईला त्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. चाळीतल्या सगळ्या लहान मुलांना आणि लाहूलाही बरोबर घेऊन गेली. दोन नंबरातल्या दोन भावंडांच्या रक्तातही शिसं निघालं, सईइतकं नाही, पण निघालं. लाहूच्या रक्तात तर सगळ्यात जास्त. बाईंनी रंग कसा काढायचा ते सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. कोरडा खरवडायचा नाही, धूळ उडते ती आणखी वाईट. आधी ओला करायचा. जाळायचा तर मुळीच नाही. तोंडाला फडकं, जेवायच्या आधी हात-तोंड साबणाने, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. मुलं आणि पोटुशी बाई कामाच्या जवळपासही नको.

चाळ रिकामी करायची तर सात बिऱ्हाडं जाणार कुठे? वेणूबायने आपल्या राहत्या घरात एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं घेतली. आधी स्वतःच्या घराची दारं काढून बाहेर टाकली, कारण तीही शेंदरीच होती. मासळी सुकवायच्या तिच्या मोकळ्या वाडीत ताडपत्री टाकून चुली मांडल्या. महिनाभर तलाठी, मास्तर, रेल्वेवाले आणि तांडेलांचं घर एका पंगतीत जेवलं. माझं नवं लग्न झालेलं. माझ्या बायकोने संसाराचा पहिला महिना वेणूबायच्या माजघरात काढला आणि वाकट्यांचं कालवण ती तिथेच शिकली.

लाहूला कामावर बोलवायला वेणूबाय तयार नव्हती. "तुझ्या अंगात आधीच भरलंय," ती म्हणाली. लाहू मात्र हटला नाही. खरवडायचं काम त्याने दुसऱ्यांना वाटून दिलं आणि स्वतः लांब बसून कुणाचं फडकं घसरलं, कुणी न धुतल्या हाताने विडी पेटवली, यावर नजर ठेवली. वेणूबायने त्याला पूर्ण हजेरी दिली. स्वतः मात्र ती पाण्याची बादली घेऊन पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत खिडक्यांशी होती. निघालेला केशरी चिखल पत्र्याच्या डब्यांत भरला. एक मजूर म्हणाला, खाडीत ओतू. वेणूबाय त्याच्या अंगावर ओरडली, "खाडीत मासा हाय! तो कोण खातो?" शेवटी विहिरीपासून लांब, उंच जागी खड्डा खणून, डबे सिमेंटमध्ये गाडून वर फरशी घातली.

सहाव्या दिवशी दिपेश न सांगता आला. लुंगी खोचली, तोंडाला फडकं बांधलं आणि आईच्या हातातली बादली घेतली.

तोपर्यंत दशरथने कोर्टात दावा लावला होता. वेणूबायच्या तोंडी शब्दावर त्याच्या वकिलाचा विश्वास नव्हता, आणि का असावा? १९८९च्या जानेवारीत डहाणूच्या कोर्टात तारीख पडली. वेणूबाय निळी नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून आली. सायवनच्या बाजाराला जातानाही ती तशीच जायची. मी तिच्या मागच्या बाकावर होतो. पांड्या वकील तिच्या बाजूला उभे, पण तिने त्यांना बोलू दिलं नाही.

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी सगळे कागद वाचले, रंगाच्या तपासणीचा अहवाल वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "बाई, या रंगाने असं होतं हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाय साहेब."

"तुम्हाला कुणी कधी सांगितलं होतं?"

"आये सांगायची. पण आम्ही हसायचो."

"मग तुमच्या वकिलांचं म्हणणं असं असू शकतं की तुम्ही जाणूनबुजून काही केलेलं नाही. तुम्ही कबूल कशाला करताय?"

वेणूबायने जरा विचार केला.

"साहेब, न कळता झालं, म्हणून झालंच नाय असं कसं बोलू? पोर माझ्या खोलीत होती. खिडकी माझी. भाडं मी घेत होती. मग पोरीचं दुखणं दुसऱ्या कुणाचं?"

न्यायाधीशांनी दशरथकडे पाहिलं. दशरथ खाली मान घालून बसला होता. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या संमतीने हुकूम झाला. सईच्या उपचाराची आणि शिक्षणाची जबाबदारी वेणूबायची. चाळीच्या रंगाचा तपासणी अहवाल दरवर्षी भाडेकरूंना दाखवायचा. हे दुसरं कलम कुणी मागितलं नव्हतं. ते वेणूबायने स्वतः घालायला लावलं. खाली तिने अंगठा उठवला तेव्हा मी तो पाहिला. ठळक, पूर्ण, एकही रेघ न चुकलेली. मला माझ्या सहीचा कधी वाटला नाही एवढा त्या अंगठ्याचा अभिमान वाटला.

सई बोलायला लागली, पण हळू. तिसऱ्या वर्षी गेलेले शब्द पाचव्या वर्षी परत येऊ लागले. पुढे ती माझ्याच शाळेत आली. गणित तिला अवघड जायचं, वर्गात लक्ष टिकायचं नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की थोडं हे राहणारच. पण चित्रं ती सुरेख काढायची आणि चौथीच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास झाली. दर महिन्याला तिच्या औषधांची, नंतर वह्या-पुस्तकांची पिशवी दशरथला पुढे मिळालेल्या रेल्वे क्वार्टरवर पोचायची. आधी ती मी पोचवायचो, नंतर दिपेश. नयना चाळीत परत कधी आली नाही. एकदा बाजारात भेटली तेव्हा मी सहज वेणूबायचा विषय काढला. ती म्हणाली, "गुरुजी, मी तिला माफ नाही केलं. होणारही नाही माझ्याकडून. पण कुणी तिला नावं ठेवली तर मी ऐकून घेत नाही." हे मी वेणूबायला सांगितलं. ती म्हणाली, "बराबर हाय तिचं," आणि भाजीच्या शेंगा निवडत राहिली.

मसोलीतल्या शेंदरी खिडक्या चार-पाच वर्षांत दिसेनाशा झाल्या. कुठलाही कायदा आला नव्हता. कुणी भीतीने काढल्या, कुणी लाजेने, आणि काहींनी भाडेकरूच विचारू लागले म्हणून. वेणूबायच्या चाळीत मात्र खोली कधी रिकामी पडली नाही. बदलून आलेला रेल्वेवाला स्टेशनवर उतरला की लोक त्याला तिच्याकडेच पाठवायचे.

तिची मुलगी भाविनी तलासरी तालुक्यात वेवजीला दिलेली. जावई देवेश गुजरातच्या हद्दीपलीकडे उंबरगावच्या कारखान्यात फिटर. कारखान्यांत माणसं वाढली, त्यांना खोल्या मिळेनात, म्हणून देवेशने १९९४ मध्ये वेवजीत बारा खोल्या बांधल्या. वास्तूला वेणूबाय गेली, मलाही आग्रहाने नेलं. खोल्या सुबक होत्या. अंगणात पिवळ्या रंगाची चार मोठी पिंपं ठेवली होती. देवेशला ती कुठून तरी स्वस्तात मिळाली होती.

वेणूबायने पिंपांभोवती फेरी मारली. "मास्तर, काय लिहिलंय?"

मी चारही बाजूंनी पाहिलं. चिठ्ठी फाडलेली होती. "काही नाही."

"जावयबापू, ह्यात काय हाय?"

"रंग आहे, आई. भारी माल आहे. कारखान्याचा उरलेला."

"कसला, ते विचारते."

देवेशने खांदे उडवले. "कोण विचारतं? भाडेकरू येतात, सहा महिने राहतात, जातात. त्यांना रंग काय चाटायचा आहे?"

भाविनीने डोक्यावरचा पदर घट्ट धरला. वेणूबायने पाट मागवला, पिंपांच्या मधोमध ठेवला आणि त्यावर बसली. जेवायची हाक आली, ती उठली नाही. भटजींनी विनवलं, ती उठली नाही. शेवटी देवेशच तिच्यासमोर येऊन खाली बसला.

मग तिने त्याला सगळं सांगितलं. सईचं, दातांच्या खाचांचं, लाहूच्या मनगटांचं, कोर्टाचं. भाविनीला थोडंफार माहीत होतं, पण देवेशला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि आपल्या सासूने हे भरल्या कोर्टात कबूल केलं होतं याचा त्याला जो धक्का बसला तो त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"तुमच्या खोलीत माणूस झोपतो ना, जावयबापू," ती म्हणाली, "तो तुमच्या भरवशावर झोपतो. भिंतीत काय हाय, दारात काय हाय, त्याला ठाऊक नाय. तुमाला ठाऊक पाहिजे. नसेल ठाऊक, तर लावू नका."

देवेशने दुसऱ्याच दिवशी पिंपं परत पाठवली. खोल्यांना आतून-बाहेरून चुना मारला, दारांना नुसतं तेल. बारा पांढऱ्या खोल्या उन्हात झळकायला लागल्या.

पहिलं बिऱ्हाड आलं ते उत्तरेकडचं. नवरा कारखान्यात लागलेला, बायको, कडेवर वर्षाचं मूल. वेणूबाय तेव्हा तिथेच होती. खोली दाखवायला ती स्वतः पुढे झाली. मराठी, गुजराती आणि हिंदी एकत्र कालवून तिने त्या बाईला सांगितलं की भिंतीला चुना आहे, दाराला तेल आहे, तिसरं काही नाही, आणि मुलाने काही चाटलं, चावलं, पोट दुखलं, तर लाजायचं नाही, मालकाला येऊन सांगायचं. मालकाने ऐकलं नाही तर डहाणूला मसोलीत येऊन वेणूबाय तांडेलचं घर विचारायचं.

बाई हसली. तिला निम्मं कळलं असेल. तिने मूल खाली सोडलं. ते रांगत खोलीत शिरलं आणि चुन्याच्या ताज्या भिंतीला दोन्ही हात टेकून उभं राहिलं. वेणूबाय दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि देवेश तिच्या मागून त्या बाईचं सामान आत आणू लागला.